प्रोसेसर कमी पडतोय की ग्राफिक्स कार्ड?

‘गेम अडकतोय. प्रोसेसर आता बदलू की नवी पिढी यायची वाट बघू?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: अडकतोय तो प्रोसेसरमुळेच, हे कशावरून ठरवलंत? बऱ्याचदा ते ठरवलेलंच नसतं. प्रोसेसर जुना आहे एवढंच माहीत असतं, आणि तेवढ्यावर पंधरा-वीस हजार खर्चायची तयारी असते. कष्टाच्या पैशांचं असं झालेलं मला बघवत नाही.

पडद्यावरची प्रत्येक फ्रेम दोघांच्या हातून तयार होते. शत्रू कुठे पळाला, गोळी लागली का, दार उघडलं का, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काढायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगतो. चित्र रंगवायचं काम कार्डाचं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या चालीने गेम चालतो. खेळणाऱ्याला मात्र दोन्ही वेळी एकच दिसतं, की फ्रेम कमी आहेत. म्हणून घोटाळा होतो.

ओळखायची रीत सोपी आहे, फुकटही आहे. गेममध्ये गर्दीची एक जागा निवडा, तिथे सेव्ह करा, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा काढून टाका आणि सेकंदाला किती फ्रेम येतात तो आकडा बघा. मग रिझोल्यूशन १४४० वरून १०८० वर, १०८० असेल तर ७२० वर आणा आणि त्याच जागी उभं राहून पुन्हा बघा. रिझोल्यूशन उतरलं की काम हलकं होतं ते मुख्यतः कार्डाचं. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्डच दमलं होतं. आकडा होता तिथेच राहिला तर कार्ड मोकळं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) चालू करूनही ज्यांच्या फ्रेम वाढल्या नाहीत, त्यांची ही परीक्षा नकळत झालेलीच आहे. तेही आतल्या आत रिझोल्यूशन उतरवूनच काम करतं.

टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा आकडा मात्र फसवतो. तिथे ३५ टक्के दिसले की लोक म्हणतात, प्रोसेसर निवांत आहे. पण सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाचे बारा धागे चालवणाऱ्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड एकटाच काठोकाठ भरला, तरी एकूण सरासरीत तो आठ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. त्यापेक्षा एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर लावून कार्डाचा वापर किती टक्के आहे ते बघा. तो सतत ९५ च्या वर असेल तर अडचण कार्डाची आहे. फ्रेमवर मर्यादा नसतानाही तो साठ-सत्तरवर घुटमळत असेल तर बोट प्रोसेसरकडे जातं.

आणि हे गेमगणिक बदलतं. तेच मशीन व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ ला १०८० आणि कमी सेटिंगवर प्रोसेसरपाशी अडतं, तर सायबरपंक २०७७ ला रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा जड हिशेब) लावलं की बहुधा कार्डापाशी. तेव्हा परीक्षा तुम्ही रोज जे खेळता त्यावर घ्या.

सरासरी चांगली असून मधेच हिसके बसत असतील, तर दोघांनाही दोष देण्याआधी रॅम तपासा. दुकानातून जुळवून आणलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा एकच स्टिक असते, किंवा ३२०० ची रॅम एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू न केल्यामुळे २१३३ किंवा २४०० वर रांगत असते. एक्सएमपी चालू करणं हे बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मूळ प्रश्न. कार्ड कमी पडत असेल तर प्रोसेसर थांबू द्या, पैसे कार्डासाठी ठेवा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कथेचे गेम खेळणाऱ्याला एएमडीचा जुना रायझन ५ ३६०० सुद्धा बहुतेक ठिकाणी पुरतो.

प्रोसेसरच कमी पडतोय असं निघालं, तर आहे त्या बोर्डावर काय बसतं ते बघा. एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) वाल्यांचं नशीब इथे चांगलं आहे. २०१९ च्या ३६०० सोबत घेतलेल्या बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिका चालते. त्यातले ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी हे माझ्या मते या बोर्डांवर गेमसाठी सगळ्यात मोठी झेप आहेत. त्यांत ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी) आहे, ३६०० मध्ये ३२ होती. गेमला विखुरलेली माहिती सतत लागते. ती जवळच्या कॅशमध्ये सापडली की रॅमपर्यंतचा हेलपाटा वाचतो. नावं मात्र नीट वाचून घ्या. ५७००एक्स३डी मध्ये ९६ एमबी, ५७००एक्स मध्ये ३२ आणि नुसत्या ५७०० मध्ये १६. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात काउंटरवर घाईत ‘सत्तावन्नशे द्या’ म्हणालात तर यांतलं काहीही हातात पडू शकतं. एक्स३डी नवे सापडणं अवघड झालंय. चांगला सापडला तर मी थांबणार नाही. सोबत कूलर येत नाही, तो वेगळा धरा.

एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे, बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही आली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले, त्यामुळे इथे थांबण्यात खरंच अर्थ आहे. २०२२ मध्ये आलेलं हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीने सांगितलंय. थांबलात म्हणून गाडी चुकत नाही.

एएम४ वर बदल करणार असाल तर बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा. नवा बसवल्यावर आठवलं तर बहुतेक बोर्डांवर पडदा काळाच राहतो, आणि जुना परत बसवावा लागतो.