शांतीचं ते गोल चिन्ह म्हणजे 'मोडलेला क्रॉस'? नाही हो

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: शांतीवाल्या संस्था जे गोल चिन्ह लावतात तो मुळात उलटा करून मोडलेला क्रॉस आहे, सैतानाची खूण. दिसतं थोडं तसं, त्यामुळे पटकन पटतं.

पण हे चिन्ह बनलं 1958 मध्ये ब्रिटनमध्ये, अण्वस्त्रांच्या विरोधात ईस्टरच्या सुट्टीत लंडनहून ऑल्डरमास्टनपर्यंत (तिथे अण्वस्त्रांचं संशोधन केंद्र आहे) पायी मोर्चा निघाला होता त्यासाठी. त्यात सेमाफोर लिपीतली, म्हणजे हातात झेंडे धरून हातांच्या स्थितीने अक्षरं दाखवायच्या लिपीतली, दोन अक्षरं आहेत, एन आणि डी, म्हणजे न्यूक्लिअर डिसआर्ममेंट (अण्वस्त्रं मोडीत काढणं).

पटत नसेल तर स्वतःच बघा ना, सेमाफोरचा चार्ट नेटवर कुठेही मिळतो. एन करताना दोन्ही हात खाली तिरके, डी करताना एक हात सरळ वर आणि दुसरा सरळ खाली, आता हे दोन्ही एकावर एक ठेवा, भोवती गोल काढा, झालं! आणि डिझायनरने आधी क्रॉसच वापरायचा विचार केला होता, मग तो सोडून दिला.

जुन्या काळातही अशा आकाराच्या खुणा होत्याच, पण सरळ रेघांचे आकार असे किती असणार, नुसतं सारखं दिसतं म्हणून हे त्यातूनच आलं असं नाही ना होत.