सर्पदंश, मांत्रिक आणि कायद्यातली एक नोंद : पार्श्वभूमी

विज्ञान माणसाचे प्रश्न सोडवते की श्रद्धा, यावर महाराष्ट्रात व्याख्याने पुष्कळ झाली. पण या दोहोंची घड्याळाच्या काट्यावर गाठ पडते ती पावसाळ्यात, भातलावणी सुरू झाली की. माणसाला पान लागले, म्हणजे साप चावला, तर आधी कुठे न्यायचे? मारुतीच्या देवळात, भगताकडे की प्राथमिक आरोग्य केंद्रात? २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत या प्रश्नाला एक स्वतंत्र नोंद मिळाली. त्या नोंदीवर अजूनही मतभेद आहेत, आणि ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचे औषध, १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाले. विसाव्या शतकात ते आधी कसौलीला आणि पुढे मुंबईत परळला होऊ लागले. घोड्याला विषाची मात्रा थोडीथोडी वाढवत टोचायची आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचे, ही पद्धत मुळात आजही तीच आहे. एका सापाच्या विषावरचे औषध दुसऱ्यावर चालत नाही हे लवकरच कळले होते, म्हणून आपल्याकडची कुपी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालेल अशी बनवतात. त्याआधी इंग्रज सरकारचा भर उपचारापेक्षा साप मारण्यावर होता. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला इनाम मिळे.

म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ नेमके औषध हाताशी आहे. तरीही मांत्रिक टिकला, आणि याचे कारण केवळ अडाणीपणा नव्हे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे आलेली बरीच माणसे जगतात. ती मंत्राशिवायही जगली असती. रुग्णाला कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा आणि कडू लागला तर विष उतरले म्हणायचे, ही परीक्षा अशाच रुग्णांवर खरी ठरत आली. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही. पाला नीट कडू लागतो, आणि पहाटेपर्यंत पोटदुखी, पापण्या जड होणे, श्वास अडकणे असे एकेक सुरू होते. तोवर हाताशी असलेले तास गेलेले असतात.

कुत्र्याच्या दंशात तर परतीची वाटच नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. तिथे लोक दवाखाना टाळत, त्यात पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीचाही वाटा होता. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस देशात २००४च्या अखेरपर्यंत बनत होती.

विंचवाची हकीकत सर्वांत बोलकी आहे, आणि ती कोकणातली आहे. लाल विंचू चावलेली मुले काही तासांत दगावत. गावात विंचू उतरवणारा असे आणि लोक त्याच्याकडे जात. हा श्रद्धेचा पराभव म्हणून सांगितला जातो, पण त्या काळी दवाखान्यातही उतारा नव्हता. स्टेरॉइड, अट्रोपिन, गुंगीच्या औषधांचे मिश्रण असे बरेच काही दिले जाई. त्यातली काही औषधे अपाय करत होती, हे नंतर समजले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातल्या एका तरुण सरकारी डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. घाम, थंडगार हातपाय, आधी प्रचंड वाढलेला आणि मग कोसळणारा रक्तदाब, फुप्फुसात भरणारे पाणी, असे चित्र त्यातून पुढे आले. विंचवाचे विष शरीरातल्याच उत्तेजक द्रव्यांचा पूर आणते आणि हृदय त्याखाली दबते. त्यावर त्यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, तोंडाने घ्यायची गोळी वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक दगावत. ते प्रमाण काही टक्क्यांवर आले. पुढे, २०११ साली, महाडमधल्याच अभ्यासातून दिसले की गोळीच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर सावरतो.

मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मांत्रिकाच्या दारची मुले वाचू लागली ती कोणी त्याला खोटे ठरवले म्हणून नव्हे. पुढच्या दारात खरा उपचार मिळू लागला म्हणून.

आता कायद्याकडे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अशा कायद्याची मागणी होती. २००५ साली एक मसुदा विधानसभेत मंजूर होऊन पुढे अडकला. वारकरी आणि इतर धार्मिक संघटनांचा आक्षेप होता की श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, हे फौजदार ठरवणार. मसुदा पुन्हापुन्हा बदलला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार. कीर्तन, भजन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा यांना कायदा लागू नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांची व्याख्याच टाळली गेली आणि त्याऐवजी अनुसूचीत ठरावीक कृत्ये मोजून दिली गेली.

साप, विंचू आणि कुत्रा यांच्या दंशाची नोंद या अनुसूचीत आहे. गुन्हा कोणता, तर रुग्णाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे. म्हणजे मंत्र म्हणणे हा गुन्हा नाही. देवळात अंगारा लावून रुग्णाला जीपमध्ये घालून तालुक्याला पाठवले, तर या नोंदीला धक्का लागत नाही.

एका बाजूचे म्हणणे असे की ही पळवाट आहे. सर्पदंशात मिनिटे मोजायची असतात, तिथे नुसता मंत्र घालण्यात गेलेला तासही जीव घेतो. शिवाय रोखले हे सिद्ध कसे करायचे? घरचेच रुग्णाला मांत्रिकाकडे नेतात, स्वखुशीने थांबतात, आणि काही झालेच तर त्यांच्याकडून तक्रार येणे कठीण. दुसऱ्या बाजूला वाटते की एवढीही नोंद नको होती, कारण बरे होण्यासाठी देवाची प्रार्थना करणाऱ्याला गुन्हेगाराच्या रांगेत बसवण्याची ती पहिली पायरी आहे.

ही दुसरी भीती मला पटत नाही. नोंदीत प्रार्थनेचा उल्लेखच नाही. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यावरचा उपाय अधिक कडक कलम हा नव्हे असे माझे मत आहे. मंत्रच गुन्हा ठरला असता तर भगत लपून काम करू लागला असता, आणि दंश झाल्यावर गावात सर्वांत आधी ज्याला बोलावतात तोच दवाखान्यापासून तुटला असता. मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या आदिवासी वैदूंना, सोबत घेऊन त्यांनीच रुग्णाला दवाखान्यात आणावे असे प्रयत्न झाले, ते याच विचाराने. रोखू नये, एवढीच अट ठेवणारा मसुदा माझ्या मते योग्य होता. त्याच्या जोडीला दवाखान्याची बाजू तेवढी भक्कम झाली नाही, ही खरी उणीव.

ती बाजू आकड्यांत दिसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने मेली, आणि त्यातले जेमतेम २३ टक्के मृत्यू आरोग्य संस्थेत झाले. उरलेली माणसे घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या अंगणात गेली. २०२०च्या अंदाजात २००० ते २०१९ या काळाची वार्षिक सरासरी ५८ हजारांच्या घरात आली. सरकारी नोंदींतला आकडा याच्या कितीतरी खाली होता.

दरम्यान वैद्यकानेही आपले जुने सल्ले मागे घेतले. आवळपट्टी घट्ट बांधा, जखम कापा, रक्त चोखा, हे शाळेच्या पुस्तकातून शिकलेली पिढी अजून आहे. आता सांगतात की धीर द्या, चावलेला अवयव हलवू नका, थेट दवाखाना गाठा. रक्त गोठते की नाही हे पाहायला काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे थांबतात. ही चाचणी साध्या आरोग्य केंद्रातही होते. पण घोणस चावल्यावर मूत्रपिंड बंद पडले तर डायलिसिस लागते, मण्यारीत श्वासाला यंत्र लागते, आणि या दोन्ही सोयींसाठी बहुतेक वेळा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते.

प्रतिविषाचाही एक प्रश्न उरला आहे. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या एका सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे एकच कुपी सगळीकडे सारखी परिणामकारक ठरत नाही, हे संशोधकांनी दाखवले आहे. वेगवेगळ्या प्रदेशांतले विष वापरून औषध बनवावे, ही मागणी त्यातून पुढे आली.

जागतिक पातळीवर २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत पुन्हा वरचे स्थान मिळाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी कर्नाटकाने प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली आणि नोव्हेंबरात केंद्राने सर्व राज्यांना तसेच करायला सांगितले. अशी नोंद खरोखर होऊ लागली, तर रुग्ण आधी कुठे गेला आणि कुपी मिळेपर्यंत किती वेळ गेला, हे दोन रकाने तिच्यात असायला हवेत.