मामाच्या टाचेतला काटा

वेचणीचे दिवस होते. मामा दिवसभर पऱ्हाटीत फिरले, आणि संध्याकाळी पाय धुताना मामीला दिसलं, टाचेत बाभळीचा काटा मोडलाय, भोवती रक्त वाळलंय. "दुखूनच नाही राह्यलं, तं काय झालं बाप्पा?" मामा म्हणाले. मामांना शुगर बारा वर्षांपासून. मला धसका बसला तो काट्याचा नाही, त्या न दुखण्याचा.

स्नायूंच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागते. नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, पेशींना ती फारशी लागत नाही; रक्तात वाढली की आतही वाढते. तिथे आल्डोज रिडक्टेज नावाचं एक विकर एरवी निवांत बसलेलं असतं. साखर तुंबली की ते कामाला लागतं आणि ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करत सुटतं. प्रत्येक रेणूमागे एनएडीपीएच या पेशीतल्या मदतनीस पदार्थाचा एक रेणू खर्ची पडतो. पेशीला गंजण्यापासून वाचवणारं ग्लुटाथिओन वापरून झालं की पुन्हा ताजं करायलाही हेच एनएडीपीएच लागतं. म्हणजे बी-बियाण्याचा पैसा लग्नात उडाला! वर नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही साखरेनं जाड होतात, प्राणवायू कमी पडतो.

मग आधी पायच का? कण्यालगतच्या पेशीपासून अंगठ्यापर्यंत एकच तंतू जातो, जवळजवळ मीटरभर. त्याच्या सांगाड्याची प्रथिनं पेशीत तयार होऊन दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर सरकतात. अंगठा गाठायला अडीच-तीन वर्षं. कालव्याला पाणी कमी पडलं की टेलचं वावर आधी सुकतं, तसंच हे. सुरुवातीला बहुधा बारीक तंतू बिघडतात: रात्री तळव्यांची आग, मुंग्या. पुढे आग थांबते आणि माणसाला वाटतं, बरं झालं.

कडू खाल्लं की गोड मरतं म्हणून गावात कारल्याचा रस आणि कडुनिंबाचा पाला जोरात चालतो. चवीचा आणि रक्तातल्या साखरेचा असा हिशेब नसतो. त्याहून वाईट म्हणजे बधिर पायाला तापल्या विटेचा शेक. चटका कळत नाही, कातडी मात्र भाजते.

मामांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नायलॉनचा एक धागा काढला. 10 ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. "डोळे मिटा, लागलं की हो म्हणा." अंगठा, तळवा, चवडा; धागा दरवेळी वाकला. मामा गप्प. जरा वेळानं डोळे मिटूनच म्हणाले, "लावा नं जी आता."