दिवा हलवा, रंग बदलेल

उबदार समुद्रांत सॅफिरिना नावाचा कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातला इवलासा प्राणी) राहतो, जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याचा नर क्षणभर गर्द निळा चमकतो आणि लगेच दिसेनासा होतो. पळत नाही, तिथेच असतो. त्याच्या पाठीत ग्वानिन या पदार्थाच्या षटकोनी स्फटिकांचे थर असतात; एकेक स्फटिक साधारण 70 नॅनोमीटर जाडीचा. कोणता रंग परततो हे थरांमधल्या अंतरावर ठरतं. अंग कललं की परतणारा प्रकाश आखूड तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्या-जांभळ्या बाजूला सरकतो. आधीच निळा असलेला नर मग थेट अतिनील प्रकाश परतवतो, आणि तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी थरांमुळे दिसणाऱ्या रंगांचा हा विषय शहराला अगदीच परका नाही. चंद्रशेखर वेंकट रमण 1910 च्या सुमारास इथे सरकारी हिशेब खात्यात होते. पुढे 1930 च्या दशकात त्यांनी शिंपल्यांच्या झळाळीवर शोधनिबंध लिहिले. गांधीसागरासमोर त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे. तिथे जाणाऱ्या किती जणांना हे शिंपल्यांचं काम माहीत असेल, मला शंका आहे.

अशा जिवांचे फोटो काढताना नेहमीची शिकवण उलटी पडते. एरवी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोत मऊ, पसरलेला उजेड चांगला. इथे तो सगळ्या दिशांनी येतो, वेगवेगळ्या कोनांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि चित्र फिकट दिसतं. त्यापेक्षा एकच लहान दिवा घ्यावा, तो बाजूने धरावा आणि मागे काळं कापड ठेवावं. काळी पार्श्वभूमी पाहून कॅमेरा उजेड वाढवायला जातो, मग चमकणारा भाग पांढराफटक होतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) एक-दोन स्टॉप, म्हणजे एक-दोन पायऱ्या खाली आणावं. रंग आपोआप बदलणारा ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद. वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडण्याची युक्तीही जिवंत प्राण्यावर फसते, कारण दोन फोटोंच्या मध्ये तो कलतो आणि प्रत्येक फोटोत रंग निराळा येतो. माझं मत विचाराल तर व्हिडिओच घ्यावा.

कंगवा-जेली या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या अंगावर धावणारे इंद्रधनुषी पट्टे पाहून लोक बिनदिक्कत ‘स्वयंप्रकाशी’ लिहितात. ते पट्टे बाहेरच्या उजेडाचेच: हलणाऱ्या केसांच्या आठ रांगांवर प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो वाकून रंगांत विखुरतो. यातल्या बऱ्याच जाती स्वतःचा प्रकाशही देतात, पण तो निळसर-हिरवा असतो आणि अंधारातच दिसतो.

सरावाला कन्हान नदीकाठचा शिंपलाही चालेल. त्याच्या आतल्या अस्तरात अॅरागोनाइट या चुनखडीसारख्या खनिजाच्या साधारण अर्ध्या मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या थरांनी रचलेल्या असतात. मोबाइल एका जागी टेकवून ठेवा आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च शिंपल्याभोवती फिरवा. गुलाबी झाक कुठे हिरवी होते ते पाहा, आणि प्रत्येक फोटोसोबत टॉर्चची जागा लिहून ठेवा. त्या नोंदीशिवाय दोन फोटोंतल्या रंगांची तुलना करण्यात अर्थ नाही.