गोळ्या सोडल्या की सोडाव्या लागल्या?

केसपेपरवर एकच ओळ असते: 'रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद.' एकाने त्या सोडल्या, कारण बरं वाटत होतं आणि रोजचा कंटाळा आला होता. दुसरीला सोडाव्या लागल्या, कारण पुढच्या गोळ्या आणायच्या तर दिवसाची मजुरी बुडणार. त्याने जोखीम पत्करली, तिच्या ती वाट्याला आली. कागदावर दोघंही बेफिकीर.

जोखीम पत्करायला धोका माहीत असावा लागतो आणि दुसरी वाट परवडावी लागते. आपण पहिल्या अटीपाशीच अडकतो, म्हणून गरिबांसाठी भाषणं आणि पोस्टर निघतात. तिला धोका ठाऊक असतो हो! परवडत नाही ती दुसरी वाट.

हा फरक तपासूनही पाहिलेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांमध्ये वाटलं. काहींना उपचार मोफत, काहींना खर्चाचा वाटा स्वतः उचलायचा. वाटा उचलणाऱ्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं, पण गरज नसलेल्या उपचारांबरोबर गरजेचे उपचारही तितकेच गळाले. रक्तदाब असलेल्या गरिबांचा रक्तदाब मोफत गटात जास्त ताब्यात राहिला. माणसं दोन्हीकडे सारखीच होती, वेगळा होता तो खर्च.

सिगारेटचं काय? तिथे रेषा पुसट होते, हे मान्य. पहिली सिगारेट बहुतेकदा आपणच पेटवतो, नंतरच्या निकोटिन ओढायला लावतं. तरी लंडनच्या सरकारी नोकरांचा १९६७ मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास आठवावा. सगळ्यांना नोकरी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही ही दरी बरीचशी उरलीच.

उपचार दोघांनाही मिळायलाच हवेत, यात मला शंका नाही. फरक ओळखायचा तो पुढे काय करायचं हे ठरवण्यासाठी. त्याला शांतपणे समजावलं तर उपयोग होईल. तिला समजावण्यात वेळ घालवू नये. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, आणि दवाखाना काम सुटल्यावरही उघडा ठेवावा.