उनाई सिमोनच्या आधीचे गोलरक्षक

२८ जून २०२१, कोपनहेगन. युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत स्पेनची गाठ क्रोएशियाशी होती. विसाव्या मिनिटाला स्पेनच्याच पेद्रीने जवळजवळ मध्यरेषेवरून चेंडू मागे गोलरक्षकाकडे दिला. उनाई सिमोनने तो थांबवायला पाय पुढे केला, चेंडू बुटावरून उसळला आणि थेट जाळ्यात गेला. नोंद पेद्रीच्या स्वयंगोलाची झाली, पण चूक कुणाची हे जगाने पाहिलं होतं. अशा एका क्षणावर गोलरक्षकाचा उभा जन्म मोजला जातो, आणि मला तो फार मोठा अन्याय वाटतो. सिमोनच्या वाट्याला पुढे काय आलं हे समजून घ्यायचं, तर त्याच्या आधी त्याच बास्क मातीत घडलेल्या तिघांकडे वळायला हवं.

उत्तर स्पेनच्या बास्क प्रांताने देशाला पिढ्यान्‌पिढ्या गोलरक्षक दिले. तिथे लहानपणापासून हाताने चेंडू भिंतीवर मारण्याचा पेलोता हा खेळ खेळतात, आणि किनाऱ्यावरच्या वाळूत झेप घ्यायची भीती वाटत नाही, अशी कारणं सांगितली जातात. त्याहून ठोस कारण बिल्बाओच्या अॅथलेटिक क्लबात सापडतं. १८९८ मध्ये स्थापन झालेला हा क्लब फक्त बास्क भागात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो. गोलरक्षक बाहेरून विकत आणायची सोयच नसेल, तर तो घरात घडवावाच लागतो.

या परंपरेचा मूळपुरुष होसे आंखेल इरिबार. सारौत्स या समुद्रकाठच्या गावचा हा उंच, सडपातळ मुलगा १९६२ मध्ये अॅथलेटिककडून पहिल्यांदा खेळला आणि पुढे ६१४ सामने खेळला. १९६४ मध्ये स्पेनने युरो करंडक जिंकला तेव्हा गोलपोस्टमध्ये तोच होता. बास्क लोक त्याला आजही मानतात, त्याला आणखी एक कारण आहे. ५ डिसेंबर १९७६ रोजी रेआल सोसिएदादविरुद्धच्या सामन्याआधी त्याने आणि प्रतिस्पर्धी कप्तान कोर्ताबारियाने मिळून बास्क ध्वज मैदानात आणला. हुकूमशहा फ्रँकोला जाऊन वर्ष झालं होतं, तरी त्या ध्वजावरची बंदी उठलेली नव्हती.

दुसरा लुईस आर्कोनादा. सान सेबास्तियनच्या रेआल सोसिएदादने १९८१ आणि १९८२ अशी लागोपाठ दोन वर्षं स्पेनची लीग जिंकली ती त्याच्या भरवशावर. पण २७ जून १९८४ ला पॅरिसमध्ये युरोच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या प्लातिनीची फ्रीकिक त्याने अडवली, आणि चेंडू त्याच्या अंगाखालून निसटून रेषेपलीकडे गेला. स्पेन ०-२ हरला. इतक्या मोठ्या गोलरक्षकाचं नाव काढलं की आजही अनेकांना आधी तोच चेंडू आठवतो.

तिसरा अंदोनी झुबिझारेटा, सिमोनसारखाच व्हितोरिया शहरात जन्मलेला. अॅथलेटिकबरोबर दोन लीग विजेतेपदं, बार्सिलोनाबरोबर १९९२ चा युरोपियन कप, चार विश्वचषक, स्पेनसाठी १२६ सामने. शेवटच्या विश्वचषकात, १९९८ मध्ये, नायजेरियाविरुद्ध लवालने बाजूने आत मारलेला चेंडू त्याच्या हाताला लागून आत गेला. स्पेन २-३ हरला आणि साखळीतच बाद झाला. तोवर त्याचं वय ३६ झालं होतं. चूक भरून काढायला पुढची स्पर्धा उरलीच नव्हती.

सिमोनला मात्र वेळ मिळाला. त्याची सुरुवातही आडवाटेची होती. ऑगस्ट २०१८ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबाने अॅथलेटिकचा गोलरक्षक केपा अरिसाबालागाला आठ कोटी युरोंना नेलं. गोलरक्षकासाठी इतकी रक्कम तोवर कुणी मोजली नव्हती. दुसरा गोलरक्षक एरेरिन जखमी होता. उधारीवर एल्चे क्लबाकडे गेलेल्या सिमोनला घाईघाईने परत बोलावलं गेलं आणि २० ऑगस्टला लेगानेसविरुद्ध तो पहिल्यांदा उभा राहिला.

कोपनहेगनच्या त्या संध्याकाळी प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी त्याच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही. ३-३ अशी बरोबरी असताना अतिरिक्त वेळेत त्याने क्रोएशियाच्या क्रामारिचचा फटका जवळून अडवला. तो गोल झाला असता तर स्पेन बहुधा घरी गेला असता; झाला नाही, आणि सामना ५-३ असा खिशात आला. चार दिवसांनी स्वित्झर्लंडविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने दोन पेनल्टी अडवल्या. उपांत्य फेरीत इटलीविरुद्धही लोकातेलीची पहिली पेनल्टी त्याने रोखली, पण तिथे स्पेन हरला.

पुढचा आलेख सरळ नाही. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने शूटआउटमध्ये स्पेनला बाहेर काढलं. १८ जून २०२३ ला रॉटरडॅममध्ये नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा क्रोएशिया समोर आला. तिथे त्याने मायेर आणि पेतकोविच यांच्या पेनल्टी अडवून करंडक मिळवून दिला. २०२३-२४ च्या हंगामात लीगमध्ये सर्वांत कमी सरासरीने गोल होऊ देणाऱ्या गोलरक्षकाचा सामोरा पुरस्कार त्याने पटकावला. इरिबारला तो १९७० मध्ये मिळाला होता. १४ जुलै २०२४ ला बर्लिनमध्ये इंग्लंडवर २-१ असा विजय मिळवून स्पेन युरो विजेता ठरला, तेव्हा गोलपोस्टमध्ये सिमोन होता.