सरड्याचा पंजा आणि माणसाचा हात

कॅलिफोर्नियाच्या वायव्य भागात, क्लॅमथ नदीच्या खालच्या खोऱ्यात आणि लगतच्या किनाऱ्यावर युरोक लोकांची भूमी आहे. त्यांच्या भाषेत काय मोजायचे यावर संख्यावाचक शब्दाचे रूप ठरते. माणसांसाठी एक, पशुपक्ष्यांसाठी दुसरे, गोल वस्तूंसाठी आणखी निराळे. व्याकरणात माणूस आणि प्राणी असे वेगळे असले, तरी श्रद्धेत ती सीमा तितकी पक्की नाही. माणसांच्या आधी येथे ‘वोगे’ नावाचे लोक राहत होते आणि माणसे आल्यावर त्यांपैकी काही दूर निघून गेले, तर काहींनी पशू, पक्षी वा खडकांची रूपे घेतली, असे युरोक परंपरा मानते.

या प्रदेशातील उंच रेडवूड वृक्षांच्या शेंड्यांवर, धुक्याने भिजलेल्या शेवाळात, फुप्फुसेच नसलेला आणि ओल्या त्वचेतून श्वास घेणारा एक सॅलॅमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी, राहतो. तो उंचावरून पडताना शरीराची दिशा आणि वेग आवरू शकतो, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. सरडा मात्र कोरड्या, खवलेदार कातडीचा आणि उन्हात अंग शेकणारा. दोघांचा बांधा सारखा दिसला, तरी पुढचा पाय पाहिला की फरक कळतो: सॅलॅमँडरला तेथे सहसा चार बोटे असतात, सरड्याला पाच.

या पाच बोटांची कथा युरोकांच्या दक्षिणेला, मध्य कॅलिफोर्नियातील योकुट्स आणि मिवोक लोकांत सांगितली जाते. माणसाला आपल्यासारखा पंजा असावा, असा कोयोटीचा, म्हणजे लांडग्याच्या कुळातील एका अमेरिकी वन्य प्राण्याचा, आग्रह होता. सरड्याने आपल्यासारखी सुटी बोटे हवीत म्हणून वाद घातला आणि तो जिंकला. मला ही कथा अतिशय बारीक निरीक्षणातून आलेली वाटते. कोयोटीच्या पुढच्या पायाला पाचवे बोट असते, पण ते वर राहते आणि जमिनीवर चारच बोटांचा ठसा उमटतो. सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अकँथोस्टेगा या चतुष्पादाला आठ बोटे होती. पाचांची रचना त्यानंतर स्थिरावली. वंशाने सस्तन कोयोटी आपल्याला सरड्यापेक्षा कितीतरी जवळची आहे, परंतु धावण्यासाठी तिचा पाय बदलत गेला, तर पाच सुट्या बोटांचा तो जुना साचा सरड्याने आणि माणसाने, प्रत्येकाने आपापल्या वाटेने, टिकवून ठेवला.